चाळीस मार्कांवर सोडलं पाणी!

सांगा बघू, तुमच्या ऑफिसपासून घरापर्यंत जायला एकूण किती रस्ते आहेत? आणि त्यातल्या कुठल्या रस्त्याला सगळ्यात जास्त चढ आहे? नाही ना सांगता येत? टेन्शन घेऊ नका, माझ्या ओळखीतल्या कुणालाच सांगता येत नाही. आपण फोनवर पत्ता टाकतो आणि त्या निळ्या टिकलीच्या मागे निमूटपणे निघतो. फोनमधली बाई म्हणते डावीकडे वळा, आपण वळतो. बाई म्हणते १२ मिनिटं, आपण बॉसला मेसेज टाकतो, 'सर, १२ मिनिटांत पोचतोय.' रस्ता तिचा, वेळेचा अंदाजही तिचा. आपल्या वाट्याला उरतो फक्त हॉर्न!

आता कल्पना करा, तुमच्याकडून ती बाई काढून घेतली. हातात कागदी नकाशा दिला, खाली माउंटन बाइक दिली, समोर डोंगर उभे केले आणि सांगितलं, 'जा, तीन तासांत परत या.' या खेळाला म्हणतात माउंटन बाइक ओरिएन्टियरिंग. नाव जिभेला वळसा घालणारं आहे, पण फंडा सोपा. पाय जितके पळवायचे, तितकंच डोकंही पळवायचं. आणि त्यातला सगळ्यात अवघड भाग चढावर येत नाही बरं का! तो येतो 'हे आपल्याला जमणार नाही' असं वेळेत म्हणायच्या क्षणी.

खेळ नेमका काय?

नकाशा आणि होकायंत्र घेऊन, डोंगरात-जंगलात लावलेल्या खुणा शोधत जायचं, हे ओरिएन्टियरिंग. सर्वांसाठी खुली असलेली पहिली स्पर्धा नॉर्वेत १८९७ साली झाली, अर्थात पायी. १९६१ साली इंटरनॅशनल ओरिएन्टियरिंग फेडरेशन स्थापन झालं. हे फेडरेशन चार प्रकार मानतं. पायी, स्कीवर, माउंटन बाइकवर आणि चौथा ट्रेल-ओ. या चौथ्या प्रकारात वेगापेक्षा नकाशाच्या अचूक वाचनाला महत्त्व असतं, त्यामुळे व्हीलचेअर वापरणारेही बरोबरीने उतरतात. माउंटन बाइकवाल्यांची पहिली जागतिक स्पर्धा २००२ साली फ्रान्समध्ये, पॅरिसजवळच्या फाँटेनब्लोच्या जंगलात झाली.

नियम मस्त आहेत. होकायंत्र चालतं, पण वाट शोधायला जीपीएस वापरायला बंदी. हेल्मेट मस्ट. आणि सायकल पूर्णवेळ तुमच्यासोबत हवी. चालवा, ढकला, खांद्यावर घ्या, पण झाडाला टेकवून खुणेपर्यंत पळत गेलात तर बाद! नकाशा हँडलवरच्या एका गोल फिरणाऱ्या पाटीवर लावायचा. तुम्ही वळलात की पाटीही वळवायची, म्हणजे समोरचा रस्ता नकाशावरही समोरच राहतो.

या खेळासाठी खास बनवलेल्या नकाशांवर वाट किती रुंद आहे एवढंच नाही, तर तिच्यावर सायकल किती वेगात जाईल, तेही दाखवलेलं असतं. अखंड रेघ म्हणजे सुसाट. रेघ जितकी तुटक, तितका वेग कमी. आणि नुसते ठिपके दिसले की समजायचं, उतरा आणि ढकला!

स्पर्धा दोन पद्धतींनी होतात. एकात खुणांचा क्रम ठरलेला, जो लवकर येईल तो पहिला. दुसऱ्यात वेळ ठरलेला. खुणा, म्हणजे चेकपॉइंट, विखुरलेले असतात आणि प्रत्येकाला वेगळे मार्क. कुठले घ्यायचे, कुठल्या क्रमाने घ्यायचे, ते तुमचं तुम्ही ठरवायचं. उशीर झाला की मार्क कापले जातात. ब्रिटनमध्ये या दुसऱ्या प्रकाराला ट्रेलक्वेस्ट म्हणतात. तिथे १९९१ साली सुरू झालेली पोलारिस चॅलेंज तर दोन दिवसांची होती. जोडीने उतरायचं, तंबू आणि जेवण पाठीवर, रात्री डोंगरातच मुक्काम.

तीन तास, दोन सायकली, एक नकाशा

मी उतरले ती स्पर्धा तीन तासांची, जोड्यांची. गेल्या सप्टेंबरात मी शेफिल्डला मामेभावाकडे होते. दादा तिथे आयटीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे. पाच आठवड्यांत त्याला मिळालेला हा पहिला मोकळा रविवार, आधीचे चारही रविवार ऑफिसने खाल्ले होते. शेफिल्डहून एडेलला जायला ट्रेनने अर्धा तास पुरतो. एका बाजूला किंडर स्काउटचं ६३६ मीटर उंचीचं पठार, दुसऱ्या बाजूला मॅम टॉरची डोंगररांग, मधल्या दरीत एडेल नावाचं छोटंसं गाव. आणि जिकडे पाहावं तिकडे मेंढ्या!

सुरुवातीला फोन पिशवीत घालून सील केले. संकटात पिशवी फाडायची, एरवी नाही. बोटाला एक इलेक्ट्रॉनिक कांडी बांधली. चेकपॉइंटवरच्या डबीत ती खुपसली की 'बीप' आणि हजेरी लागली. मग नकाशा हातात आला. १:२५,०००, म्हणजे नकाशावरचे चार सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. त्यावर १८ लाल वर्तुळं आणि शेजारी मार्कांची यादी. जवळचे, सोपे चेकपॉइंट १० मार्कांचे. सगळ्यात मोठा ४० मार्कांचा, रशप एज नावाच्या उंच धारेवर.

उशिराची फी अशी होती. पहिली पाच मिनिटं, मिनिटाला एक मार्क. पुढची पाच मिनिटं, मिनिटाला पाच. त्यानंतर मिनिटाला दहा. अर्ध्या तासाहून जास्त उशीर झाला तर सगळेच मार्क बाद. क्रेडिट कार्डाची लेट फी आठवली ना? मलाही!

'सगळे घेऊ,' दादा म्हणाला.

'सगळे कसे घेशील? आधी उंचीच्या रेषा तर मोज.'

कॉलेजात असताना एनसीसीच्या मॅप रीडिंगच्या तासाला आम्ही पेंगायचो, पण तिथलं थोडंफार डोक्यात राहिलं होतं. त्या नकाशावर उंचीच्या दोन रेषांमध्ये १० मीटरचं अंतर होतं. कागदावर बोटभर दिसणारी वाट अशा २० रेषा ओलांडत असेल, तर तुम्ही २०० मीटर चढणार. रेषा दाटीवाटीने असतील तर घाम, लांब लांब असतील तर आराम. बस, एवढंच! पण एवढंसं कळलं की नकाशा सपाट राहत नाही, त्यातून डोंगर वर येतात.

दुसरा धडा हिरव्या रेघांचा. इंग्लंडमध्ये १९६८ च्या कंट्रीसाइड कायद्याने सायकलवाल्यांना ब्रायडलवेवरून, म्हणजे घोडेस्वारांसाठीच्या वाटांवरून, जायचा हक्क मिळाला. अट एवढीच, की पायी चालणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना आधी जाऊ द्यायचं. फूटपाथवर मात्र सायकलचा तसा हक्क नाही. इथे फूटपाथ म्हणजे शेताडोंगरातली पायवाट. आमच्या नकाशावर दोन्ही हिरव्या तुटक रेघा! तुकडे लांब असतील तर ब्रायडलवे, छोटे असतील तर फूटपाथ. होप गावाकडून लूज हिलच्या माथ्यावरून परत एडेलला येणारी वाट कागदावर जाम छोटी दिसत होती. दादाने बोट ठेवलंही होतं. पण तुकडे छोटे. त्या वाटेने सायकल नेली असती तर थेट बाद.

१७३७ सालचं गुगल

आम्ही पूर्वेकडून फेरा घ्यायचं ठरवलं. पहिले दोन चेकपॉइंट रस्त्यालगतच मिळाले. मग जॅगर्स क्लफ. क्लफ म्हणजे घळ, आणि जॅगर म्हणजे घोड्यांच्या पाठीवर माल लादून डोंगर ओलांडणारा माणूस. आपल्या घाटातले बैलांचे तांडे आठवा, त्यांचेच हे चुलतभाऊ. त्या घळीत खडकाळ वाटेने सरसर उतरायचं, ओढा ओलांडायचा आणि पलीकडे तेवढंच चढायचं. उताराला वीस सेकंद मिळालेली मजा चढावर सहा मिनिटं फेडावी लागते. मी सायकल ढकलली, दादानेही ढकलली. मेंढ्यांनी आमच्याकडे बघून रवंथ चालूच ठेवलं.

वर पोचल्यावर होप क्रॉस. तिथे वाटेच्या कडेला एक उंच दगडी खांब आहे. साल १७३७. माथ्यावरच्या चौकोनी दगडाच्या चार बाजूंना चार नावं कोरलीत. होप, एडेल, ग्लॉसप, शेफिल्ड. धुक्यात सापडलेल्या जॅगरने इथे यायचं, हात फिरवून नाव वाचायचं आणि वळायचं. अंतर नाही, वेळ नाही, ट्रॅफिक नाही. फक्त दिशा. किती वेळ लागेल, ते त्याने त्याच्या घोड्याकडे बघून ठरवायचं!

हे वाक्य मी तिथे हसत हसत म्हणाले होते. तासाभराने तेच कामी आलं.

होपपर्यंतचा उतार सॉलिड होता. तिथून कॅसलटन, आणि कॅसलटनच्या पुढे मॅम टॉरचा चढ. या डोंगराचं टोपणनाव 'शिव्हरिंग माउंटन', म्हणजे हुडहुडी भरलेला डोंगर. त्याची एक बाजू सतत घसरत असते. त्याच्या पायथ्यावरून ए-६२५ हा हमरस्ता जायचा. दरवेळी खचायचा, दरवेळी दुरुस्त व्हायचा, आणि शेवटी १९७९ साली तो कायमचा बंद केला. आज तिथे डांबराचे थरावर थर फाटून वर आलेत, मधली पांढरी रेघ एका जागी तुटते आणि पुढे माणसाच्या उंचीइतकी खाली सुरू होते. दुरुस्तीवर किती वर्षं खर्च केला असेल, ते त्या थरांच्या जाडीवरूनच कळतं. तिथे सायकल उचलून चढताना मी दादाला म्हटलं, 'बघ, यांनीसुद्धा शेवटी सोडून दिलं.' तो काही बोलला नाही. दम लागला असावा.

सोडायचं कधी?

मॅम टॉरच्या खिंडीत पोचलो तेव्हा घड्याळात २ तास २५ मिनिटं झाली होती. हातात ३५ मिनिटं. डावीकडे रशप एजची धार, तिच्यावर तो ४० मार्कांचा चेकपॉइंट. समोर सरळ एडेलला उतरणारा डांबरी रस्ता.

'चल,' दादा म्हणाला. 'चाळीस आहेत! एवढे आलोय तर घेऊनच जाऊ.'

मी नकाशा हातात घेतला आणि दोरा लावून वाट मोजली. धारेवरून चेकपॉइंट, पुढे चॅपल गेटच्या दगडगोट्यांच्या उतारावरून खाली, मग रस्त्याने एडेल. साधारण साडेसात किलोमीटर. आत्तापर्यंत आम्ही १७ किलोमीटर आलो होतो, २ तास २५ मिनिटांत. म्हणजे ताशी सात. साडेसातला आमच्या वेगाने तासाहून जास्त. उतार आहे म्हणून वेग दुप्पट धरला तरी ३२ मिनिटं. त्यात चेकपॉइंट शोधायचा, वाटेतली गेटं उघडायची आणि लावायची, पंक्चर होऊ नये म्हणून देवाचा धावा करायचा.

'नाही होणार, दादा.'

'अगं, उतार आहे!'

'उतारावर तू मघाशी किती वेळा उतरलास?'

'तू ना, कायम निगेटिव्ह!'

हे शेवटचं वाक्य लागलं. कारण ते मी ऑफिसात ऐकलंय. फ्रीलान्सिंग सुरू करायच्या आधी मी जिथे नोकरी करत होते, तिथे 'एवढं दोन दिवसांत होणार नाही' म्हणणारा माणूस निगेटिव्ह असायचा आणि 'हो हो, होऊन जाईल' म्हणणारा टीम प्लेयर. तिसऱ्या दिवशी काम झालेलं नसायचं, पण टीम प्लेयरला कुणी काही बोलायचं नाही. तुमच्याही ऑफिसात असे दोघं असतील. एकाचं नाव आत्ता डोळ्यांसमोर आलंसुद्धा असेल!

खिंडीत वारा असा होता की नकाशा दोन्ही हातांनी धरावा लागत होता. मी एवढंच म्हटलं, 'जोडीचा नियम आहे, दोघांनी सोबतच राहायचं. तू गेलास तर मी येईन. पण आपला वेग सात आहे. चौदा नाही.'

तो अर्धा मिनिट नकाशाकडे बघत राहिला. मग काही न बोलता सायकल एडेलच्या उताराला लावली. खाली येईपर्यंत आमच्यात एक शब्दही झाला नाही. वाटेत रस्त्यालगतचा १५ मार्कांचा एक चेकपॉइंट मिळाला, तोही मुक्यानेच घेतला. परत पोचलो तेव्हा १३ मिनिटं शिल्लक होती. निकाल? ४१ जोड्यांत १९वे.

थांबा, इथे कथा 'सबुरीचं फळ गोड' म्हणून संपत नाही. एक जोडी ४० वाला चेकपॉइंट घेऊन अगदी वेळेत आली. त्यांचा वेग आमच्या दुप्पट होता, त्यांनी घेतला तेच बरोबर. दुसरी जोडी तोच घेऊन ११ मिनिटं उशिरा आली. करा हिशोब. पहिल्या पाच मिनिटांचे ५, पुढच्या पाचाचे २५, अकराव्या मिनिटाचे १०. झाले ४० वजा! एवढी मरमर करून हाती शून्य. एकच चेकपॉइंट, एकच नकाशा, आणि तीन जोड्यांसाठी तीन वेगळी उत्तरं. कारण उत्तर नकाशात नसतंच. ते असतं तुमच्या आत्तापर्यंतच्या वेगात. मनातल्या वेगात नाही, झालेल्या वेगात.

परतीच्या ट्रेनमध्ये दादा बराच वेळ खिडकीबाहेर बघत होता. मग म्हणाला, 'आमच्या प्लॅनिंग मीटिंगमध्ये सगळे तारीख विचारतात. वेग कुणीच विचारत नाही.' मंगळवारी रात्री मी मुद्दाम विचारलं, क्लायंटला काही सांगितलंस का? म्हणाला, 'एक फीचर पुढच्या रिलीजला ढकललं. तीन अजून आहेत.' चला, बोहनी तर झाली!

आपल्याकडे?

डोंगर आपल्याकडे कमी आहेत का? सायकलीही आता पैशाला पासरी. अडत होतं ते नकाशांवर. सर्व्हे ऑफ इंडिया १७६७ सालची, जगातल्या जुन्या नकाशासंस्थांपैकी एक. पण तिचे तपशीलवार टोपोशीट मिळवणं सामान्य माणसासाठी कित्येक वर्षं दिव्य होतं. २००५ च्या नॅशनल मॅप पॉलिसीने नागरिकांसाठी 'ओपन सिरीज' नकाशे वेगळे काढले. २०१७ मध्ये नक्शे पोर्टलवरून ते फुकट उतरवून घ्यायची सोय झाली, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये नकाशांवरचे बरेच निर्बंध उठले. १:५०,०००चा नकाशा, म्हणजे दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर. स्पर्धेला तो ढोबळ पडेल, रविवार सकाळला भरपूर आहे.

तर मग करायचं काय?

● तुमच्या ओळखीच्या टेकड्यांचा नकाशा छापून घ्या. एका मित्राने त्यावर आठ-दहा जागा निवडायच्या. देऊळ, पाझर तलाव, खिंड, जुना मैलाचा दगड. लांबच्याला जास्त मार्क, जवळच्याला कमी.

● पुरावा म्हणून फोटो चालेल, पण कॅमेऱ्याने. फोन बॅगेच्या तळाशी, बंद करून. अडचणीतच काढायचा.

● एकट्याने नाही, जोडीनेच. हेल्मेट, पंक्चरचं किट, पंप, दोन लिटर पाणी.

● वनखात्याच्या हद्दीत परवानगी घ्या, उभ्या पिकातून सायकल घालू नका, गडाच्या पायऱ्यांवरून तर नाहीच. आपल्याकडे नकाशावर लांब-छोटे हिरवे तुकडे नाहीत, म्हणून शेताच्या मालकाला 'काका, इथून जाऊ का?' एवढं विचारायचं. तोच आपला ब्रायडलवे.

● पहिला तास झाला की थांबा आणि झालेलं अंतर मोजा. तोच तुमचा वेग. उरलेला सगळा बेत त्याच आकड्यावर करायचा.

आणि हो, निघायच्या आधी नकाशाच्या कोपऱ्यात एक गोष्ट पेनाने लिहून ठेवा. परत यायची वेळ. वाट बदलली तरी चालेल, मार्क सुटले तरी चालतील. वरच्या खिंडीत कुणी तुम्हाला निगेटिव्ह म्हणालं, तर तो कोपरा त्याच्यासमोर धरायचा.